सह्याद्रीच्या जंगलासाठी निधी उभारताना: आवाहनाआधीची आणि नंतरची कामे, क्रमाने

गृहसंस्था, गणेश मंडळ, शाळेचे माजी विद्यार्थी किंवा एखाद्या कंपनीतील सहकारी जंगल आणि वन्यजीव वाचवण्यासाठी पैसे गोळा करायला निघतात, तेव्हा चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. आधी देखणे पत्रक तयार होते, त्यावर कोणाच्या तरी वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड छापला जातो, पंधरा दिवसांत बऱ्यापैकी रक्कम जमते आणि त्यानंतर ती द्यायची कोणाला, यावर चर्चा सुरू होते. तोपर्यंत देणगीदार करसवलतीची पावती मागू लागलेले असतात आणि ज्याच्या खात्यात पैसे आले तो सदस्य अस्वस्थ झालेला असतो. खरे तर आवाहन हे या कामातील पहिले नव्हे, सहावे पाऊल आहे. त्याआधीची पाच पावले आणि नंतरची तीन येथे क्रमाने दिली आहेत. गट महाराष्ट्रातील आहे आणि पैसा सह्याद्रीतील सदाहरित व निमसदाहरित जंगलासाठी जाणार आहे, असे गृहीत धरले आहे.

१. पैसा नेमका कशासाठी, हे एका वाक्यात लिहा

"पर्यावरण रक्षणासाठी" हा उद्देश नव्हे. "अमुक तालुक्यातील अमुक गावाच्या देवराईभोवती तीन वर्षे जाळरेषा काढणे आणि एक राखणदार नेमणे" हा उद्देश आहे. (जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा.) वाक्यात जागा, काम आणि मुदत या तिन्ही गोष्टी आल्या नाहीत, तर पुढचा एकही टप्पा नीट पार पडत नाही.

बहुतेक गटांच्या मनात पहिल्यांदा वृक्षारोपणच येते, कारण त्याचा फोटो काढता येतो आणि संख्या सांगता येते. पण सह्याद्रीत अनेक ठिकाणी नव्या रोपांपेक्षा उभ्या जंगलाला पैशाची गरज अधिक असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बरेचसे जंगल खाजगी मालकीचे आहे. ते ठेकेदाराला तोडीला दिले जाते, किंवा ते साफ करून तेथे काजू, रबर वा अननसाची लागवड होते. अशा ठिकाणी मालकांना न तोडण्याबद्दल मोबदला देणारा दीर्घ मुदतीचा करार, वणव्यापासून राखण, गुरे आत येऊ नयेत म्हणून गडगा (दगडी बांध) घालणे आणि बेहड्यासारख्या जुन्या ढोलीच्या झाडांचे रक्षण ही कामे आधी येतात. महाधनेश या पक्ष्याला घरट्यासाठी मोठ्या झाडाची ढोली लागते, आणि आज लावलेले रोप त्या कामाला येण्यास कित्येक दशके जावी लागतात.

अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात हेच तत्त्व वापरले गेले आहे. तेथे देणगीदार धनेशाचे एकेक घरटे दरवर्षी दत्तक घेतात आणि त्या पैशातून न्यिशी समाजातील गावकऱ्यांना घरट्यांचे राखणदार म्हणून मानधन मिळते. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, वनविभाग आणि घोरा आभे ही गावप्रमुखांची संस्था यांनी मिळून तो कार्यक्रम चालवला आहे. पैसा, माणूस, जागा आणि मुदत यांची अशी सांगड असली की देणगीदाराला हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

*सावधान:* सडे (उघडे कातळमाळ), पठारे आणि गवताळ माळ ही "ओसाड" जागा नव्हे. कास पठार हे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक आहे, आणि तेथील वनस्पती उघड्या खडकावरच्या पातळ मातीतच टिकतात. अशा जागी खड्डे काढून झाडे लावणे म्हणजे देणगीच्या पैशाने अधिवास मोडणे होय. गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ अशा बाहेरून आलेल्या झाडांचा समावेश असलेली यादी कोणी पुढे केली, तर तो प्रस्ताव तेथेच थांबवावा.

*सावधान:* "आपण मिळून जंगलच विकत घेऊ" ही कल्पना ऐकायला चांगली, पण करायला अवघड आहे. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते आणि संस्थेला त्यासाठी परवानगी मिळवावी लागते. शिवाय कोकणातील सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात, त्यातील निम्मे खातेदार मुंबईत असतात आणि काहींची वारसनोंद झालेली नसते. कायदेशीर मार्ग स्पष्ट होण्याआधी जमीनखरेदीच्या नावाने एक रुपयाही गोळा करू नये.

२. संस्था निवडा आणि तिची कागदपत्रे स्वतः पाहा

काम प्रत्यक्ष करणारी संस्था आधी शोधावी आणि तिला काय हवे आहे ते विचारावे. आपल्याला काय द्यायला आवडेल, हा प्रश्न नंतरचा. पुढील कागद मागताना संकोच करू नये. नीट चालणारी संस्था ते दोन दिवसांत पाठवते.

पहिला कागद धर्मादाय नोंदणीचा. महाराष्ट्रात असे काम करणाऱ्या, धार्मिक नसलेल्या सार्वजनिक न्यासाचा क्रमांक सहसा "ई" किंवा "एफ" या अक्षराने सुरू होतो आणि त्यापुढे जिल्ह्याचे नाव असते. संस्था नोंदणी अधिनियमाखालच्या संस्थांचा क्रमांक "एफ"चा असतो. प्रमाणपत्रावर समाधान मानू नये, परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदीचा, ताजा उतारा मागावा. त्यावर विश्वस्तांची नावे असतात. संस्थेच्या पत्रावर सही करणारी व्यक्ती त्या यादीत नसेल, तर विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा बदल अर्ज प्रलंबित आहे का, हे विचारावे. बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून राहणे नवलाचे नाही, पण विश्वस्तांत वाद असेल तर तो येथेच कळतो. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (ना-नफा) कंपनी असेल, तर तिची नोंद धर्मादाय कार्यालयात नव्हे, कंपनी निबंधकाकडे मिळेल.

दुसरा कागद आयकराचा: आयकर कायदा, १९६१ खालची संस्थेची १२ए नोंदणी (संस्थेच्या उत्पन्नावरील करमाफीसाठी) आणि ८०जी मान्यता (देणगीदाराच्या करसवलतीसाठी). दोन्हींवर मुदत असते, ती पाहावी. जुन्या प्रमाणपत्राची छायाप्रत पुढे करण्याची सवय अनेक संस्थांना आहे. तिसरा कागद मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. त्यात पगार आणि प्रवासखर्च दिसला म्हणून दचकू नये. राखणीच्या कामात पगार हाच मुख्य खर्च असतो, आणि प्रशासनावर शून्य खर्च दाखवणारी संस्था मला अधिक संशयास्पद वाटते.

चौथी गोष्ट परवानगीची. काम अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा व्याघ्र प्रकल्पात असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी आहे का, हे विचारावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठीही परवाना लागतो, मग कॅमेरा ट्रॅप (प्राण्यांची आपोआप छायाचित्रे घेणारा कॅमेरा) लावणे तर दूरच. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पासाठी काही द्यायचे असेल, तर व्याघ्र प्रकल्पांसाठी कायद्यातच प्रतिष्ठानाची तरतूद आहे आणि त्याला देणगी स्वीकारता येते. वनरक्षकांना परस्पर बूट, टॉर्च किंवा दुर्बिणी वाटण्यापेक्षा तो रस्ता सरळ आहे.

देवराईसाठी निधी असेल, तर गावातील मानकरी, गुरव आणि ग्रामपंचायत यांच्याशी बोलणे झाले आहे का, ते पाहावे. जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे, हेही सातबाऱ्यावर तपासावे. देवराईच्या नावाने आलेला पैसा मंदिराच्या सिमेंटी जीर्णोद्धाराकडे वळतो, सभामंडपासाठी चार जुनी झाडे जातात आणि गावाला त्यात गैर काही वाटत नाही, कारण देणगीदाराने आधी काही ठरवलेलेच नसते.

*तपासणी:* संस्थेला एकच प्रश्न विचारा: "आमचा पैसा संपल्यावर चौथ्या वर्षी काय होईल?" उत्तर गुळमुळीत आले, तर काम लहान करा किंवा संस्था बदला.

३. पैसे कोणाच्या खात्यात येतील, ते ठरवा

सर्वांत निर्धोक मार्ग एकच: देणगीदाराने नोंदणीकृत संस्थेच्या बँक खात्यात थेट पैसे भरावेत आणि आपल्या गटाने फक्त आवाहन, पाठपुरावा व हिशेबाची जुळवणी करावी. संस्थेकडून या मोहिमेसाठी स्वतंत्र क्यूआर कोड किंवा स्वतंत्र उपखाते मिळते का, ते पाहावे.

गट स्वतः पैसे गोळा करणार असेल आणि तो नोंदणीकृत न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१सी प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नोंदणी नसलेली गणेश मंडळे वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी. ती ठरावीक मुदतीची असते आणि मुदतीनंतर हिशेब सादर करावा लागतो. उत्सवासाठी घेतलेल्या परवानगीत जंगलाचा उद्देश आपोआप येत नाही. अर्जातच तो लिहावा. मंडळ नोंदणीकृत न्यास असेल, तर त्याच्या घटनेतील उद्देशांत पर्यावरणाचा उल्लेख आहे का, हे आधी वाचावे.

*सावधान:* सदस्याचे वैयक्तिक खाते "फक्त आठवडाभरासाठी" वापरणे ही या सर्व प्रक्रियेतील सर्वांत महाग चूक आहे. त्या खात्यात आलेली रक्कम त्या व्यक्तीच्या नावावर दिसते, तिचा खुलासा तिलाच करावा लागतो, आणि पुढे तिने एकरकमी धनादेश दिला तरी संस्थेची पावती तिच्या एकटीच्या नावाने निघते. मूळ देणगीदारांना करसवलत मिळत नाही ती नाहीच. गृहसंस्थेच्या देखभाल खात्यात देणग्या जमा करणेही टाळावे.

४. अंदाजपत्रक मांडा, आणि ते जंगलाच्या वेळापत्रकाला जुळवा

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. आकडे केवळ मांडणीसाठी आहेत. प्रत्यक्ष मजुरी स्थानिक दरानुसार आणि किमान वेतनाच्या नियमांनुसार ठरवावी. एका राखणदाराला महिना १२,००० रुपये दिले, तर वर्षाचे १,४४,००० होतात. विमा, गणवेश, बूट, टॉर्च आणि फोनखर्च धरून आणखी १६,००० लागतील. म्हणजे वर्षाला १,६०,००० आणि तीन वर्षांचे ४,८०,००० रुपये. दोनशे सदनिकांच्या वसाहतीत प्रत्येक घराने वर्षाला ८०० रुपये दिले, तर हे काम उभे राहते. लक्ष्य असे खालून वर बांधत जावे. "पाच लाख जमवू या" असे ठरवून मग खर्च शोधू नयेत.

रोपे लावायचीच असतील, तर लागवडीचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान भाग धरावा. कुंपण किंवा गडगा, दर पावसाळ्यानंतरची बेणणी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे आणि उन्हाळ्यातील वणव्याची राखण असा किमान तीन वर्षांचा खर्च धरलेला नसेल, तर ती लागवड पहिल्या मार्चमध्येच संपते.

वेळापत्रकाकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. करसवलतीच्या घाईमुळे देणग्या मार्चअखेरीस येतात. पण जाळरेषा गवत वाळू लागताच, डिसेंबर-जानेवारीत काढाव्या लागतात आणि वणव्यांचा काळ फेब्रुवारी ते मे असा असतो. म्हणजे मार्चमध्ये आलेला पैसा त्या वर्षीच्या वणव्याला उपयोगी पडत नाही. धनेशाची वीणही साधारण याच महिन्यांत चालू असते, तेव्हा राखणदार आधीपासून कामावर हवा. रोपांसाठी खड्डे मे महिन्यात तयार हवेत आणि रोपवाटिकेला मागणी त्याहून बरीच आधी द्यावी लागते. त्यामुळे राखणीसाठीची मोहीम गणपती ते दिवाळी या काळात आणि लागवडीसाठीची मोहीम हिवाळ्यात घ्यावी.

५. संस्थेशी लेखी समजपत्र करा

दोन पानांचे साधे पत्र पुरेसे आहे. त्यात उद्देशाचे वाक्य, खर्चाचे तक्ते, हप्त्यांच्या तारखा, अहवालाचे स्वरूप आणि लक्ष्यापेक्षा कमी किंवा जास्त पैसे आल्यास काय करायचे, एवढे असावे. शेवटचा मुद्दा विसरू नका. ४,८०,००० ऐवजी १,९०,०००च जमले, तर राखण एका वर्षापुरती करायची की रक्कम दुसऱ्या कामाला द्यायची, हे आधी ठरलेले नसेल तर नंतर ते ठरवण्याचा नैतिक अधिकार कोणालाच उरत नाही. रक्कम कायम निधीत ठेवून फक्त व्याज वापरायचे असेल, तर तसा लेखी निर्देश देणगीदाराने द्यावा लागतो. संस्था आपल्या मनाने ते करू शकत नाही.

६. आता आवाहन करा

पत्रकावर संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, उद्देशाचे वाक्य, एकूण लक्ष्य, अंतिम तारीख आणि शंका विचारण्यासाठी गटातील दोन व्यक्तींची नावे एवढे हवे. वाघाचे चित्र टाकण्याचा मोह आवरावा. पैसा देवराईतील राखणीसाठी असेल, तर चित्रही देवराईचेच असावे.

घरोघरी भेट, वाढदिवसानिमित्त देणगी, कार्यालयात वेतनातून मासिक कपात आणि त्याला कंपनीने घातलेली तेवढीच भर, हे मार्ग कमी खर्चाचे आणि टिकाऊ आहेत. धावणाऱ्यांसाठी टाटा मुंबई मॅरेथॉनची तयार चौकट आहे: युनायटेड वे मुंबईकडे नोंदलेल्या संस्थांपैकी एक निवडून तिच्यासाठी निधी उभारता येतो. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे नोंदणीआधी पाहावे. कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीकडे जायचे असेल, तर संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी लागते आणि कंपन्यांची अंदाजपत्रके आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतात. फेब्रुवारीत अर्ज घेऊन गेल्यास उरलेसुरले मिळते.

कार्यक्रम करणार असाल, तर सभागृह, ध्वनी आणि जेवण यांचा खर्च प्रायोजकाकडून निघतो का, ते आधी पाहा. नसेल निघत, तर कार्यक्रम करू नका. नाट्यप्रयोग किंवा भोजनाच्या तिकिटाच्या बदल्यात देणाऱ्याला काही मिळत असल्याने ती रक्कम करसवलतीची देणगी ठरत नाही. तसे आश्वासन पत्रकावर छापू नये. परवानगीवाचून लकी ड्रॉ ठेवणे कायद्याच्या कचाट्यात आणणारे आहे, बक्षीस कितीही किरकोळ असले तरी.

*सावधान:* आवाहनात किंवा समाजमाध्यमांवर धनेशाच्या घरट्याचे, दुर्मीळ ऑर्किडचे किंवा खवल्या मांजराच्या बिळाचे ठिकाण कळेल असे छायाचित्र टाकू नये. मोबाइलच्या छायाचित्रात स्थळाची नोंद आपोआप साठते, ती काढून टाकावी. गावाचे नाव सांगितले, तरी ओढ्याचे आणि पायवाटेचे सांगू नये.

७. परदेशातील देणगीदारांना वेगळी वाट द्या

हा टप्पा लहान आहे, पण संस्थेला सर्वाधिक अडचणीत आणणारा आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या वैयक्तिक बचतीतून बँकेमार्गे दिलेली देणगी विदेशी योगदान मानली जात नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलेल्या नातेवाइकाची देणगी विदेशी योगदान ठरते, मग ती त्याने पुण्यातील बँक खात्यातून रुपयांत दिली असली तरीही. परदेशातील महाराष्ट्र मंडळाने एकत्र जमवलेली रक्कमही त्यातच मोडते. अशी देणगी फक्त एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेने आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातच स्वीकारावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेला दुसरीकडे वळवताही येत नाही. त्यामुळे "नोंदणी असलेल्या ओळखीच्या संस्थेत पाठवा, ते पुढे देतील" ही सूचना कोणी दिल्यास ती नाकारावी.

*तपासणी:* माहितीच्या अर्जात "आपले नागरिकत्व कोणते?" हा रकाना ठेवा. परदेशी नागरिक असलेल्या भावाच्या पैशाने बहिणीने आपल्या नावावर देणगी भरण्याचे प्रकार टाळण्यासाठी एक ओळ स्पष्टपणे लिहा.

८. पावत्यांसाठी रोज जुळवणी करा

संस्थेच्या बँक उताऱ्यात यूपीआयने आलेल्या देणगीपुढे अनेकदा एक तुटक नाव आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक एवढेच दिसते. त्यावरून पावती काढता येत नाही. म्हणून प्रत्येक देणगीदाराकडून पॅनवरील नाव, पॅन क्रमांक, पत्ता, रक्कम, तारीख आणि तो बारा आकडी क्रमांक ऑनलाइन अर्जात भरून घ्यावा. दररोज रात्री एका सदस्याने अर्जाची यादी आणि संस्थेने पाठवलेला उतारा ताडून पाहावा. ही जुळवणी महिनाअखेरीस करू असे ठरवले, तर "एस पी ५०१" आणि "सुनीता ५०१" यांत फरक कसा करायचा, यावर दोन रविवार जातात. पॅन क्रमांक गटाच्या व्हॉट्सअॅपवर मागू नयेत.

रोख रक्कम शक्यतो घेऊ नये. घ्यावीच लागली, तर संस्थेच्या छापील पावतीपुस्तकावर आणि संस्थेने दिलेल्या अधिकारपत्राच्या आधारेच घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही. वस्तुरूप देणगीलाही मिळत नाही. सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच आहे, आणि सर्वसाधारण संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या निम्म्या रकमेवर, उत्पन्नाशी निगडित मर्यादेत मिळते. पत्रकावर "संपूर्ण करमुक्त" असे छापणे म्हणूनच चुकीचे आहे.

साधी पावती मिळाली म्हणजे काम संपले, असेही नाही. ८०जीचे काम संस्थेने आयकर विभागाकडे विवरण भरल्यावर निघणाऱ्या १०बीई प्रमाणपत्राने होते, आणि ते आर्थिक वर्षानंतरच्या ३१ मेपर्यंत देणगीदाराला मिळायला हवे. आयकर कायदा, २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ असून त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक वेगळे आहेत. त्या तारखेनंतरच्या देणग्यांसाठी पावतीवर कोणता उल्लेख असावा, हे संस्थेच्या सनदी लेखापालाकडून लिहून घ्यावे.

९. हप्ते, पाहणी आणि अहवाल

पैसे थेट संस्थेकडे गेले असले, तरी समजपत्रानुसार खर्चाचे तपशील हप्त्याहप्त्याने मागावेत. राखणदाराच्या बँक खात्यात मानधन जमा झाल्याचा पुरावा, जाळरेषेची लांबी आणि तारीख, लागवड असेल तर पहिल्या पावसानंतर आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या रोपांची मोजणी, एवढे पुरे. उन्हाळ्याची मोजणी जूनमध्ये नको, कारण जूनमध्ये सगळेच हिरवे दिसते. ती मे महिन्यात व्हावी.

पाहणीला चार-पाच जणांनीच जावे, गावातील माणूस सोबत घ्यावा आणि सहलीचे स्वरूप येऊ देऊ नये. धनेशाच्या विणीच्या काळात घरट्याच्या झाडाखाली थांबू नये. मादी ढोलीत कोंडलेली असते आणि माणसे दिसली की नर घास घेऊन येण्याचे टाळतो.

देणगीदारांना सहा महिन्यांनी एक आणि वर्षाअखेरीस एक असे दोन अहवाल द्यावेत. वणवा लागला, रोपे मेली किंवा एखाद्या मालकाने करार मोडून झाडे तोडीला दिली, तर तेही त्यात लिहावे. दुसऱ्या वर्षीचे आवाहन पहिल्या वर्षाचा लेखापरीक्षित खर्च हाती आल्यावरच करावे. संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल साधारण सप्टेंबरपर्यंत तयार होतो, त्यामुळे तो हाती घेऊनच गणपतीनंतरच्या मोहिमेचे पत्रक छापायला द्यावे.